अंदाजात न धरलेलं पाणी

झुलाल ठेकेदाराचं टेंडर नेहमी सगळ्यांत खाली असायचं. ते का असतं, हे जळगावच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसणाऱ्या बाकीच्या ठेकेदारांना काही केल्या उमगत नसे. कोणी म्हणे, हा चुन्यात माती कालवतो. कोणी म्हणे, गवंड्यांची अर्धी मजुरी बुडवतो. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या होत्या. झुलालच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर हात भरून यायचा, आणि शनिवारी मजुरी वाटल्याशिवाय तो जेवायला बसत नसे. माणूस सरळ होता. सरळ माणसांच्या हातूनही काय काय होतं, ते पुढे येईलच.

मूळचा तो धुळ्याकडचा, शेतकऱ्याचा पोर. पण औत हाकताना त्याचं तास वाकडं जायचं आणि बैलसुद्धा त्याला जुमानत नसत. त्याचा बापच चारचौघांत म्हणायचा की हे पोरगं मातीचं नाही, दगडाचं आहे. बापाने चिडून म्हटलं, पण खरं निघालं. झुलाल एका गवंड्याच्या मागे लागून थापी धरायला शिकला, मग ओळंबा, मग हिशेब. स्वराज्य आलं आणि जो तो गाव शाळेची खोली मागू लागला, तेव्हा बायकोला आणि लहानग्या लेकीला घेऊन तो नशिराबादला येऊन राहिला. जळगाव जवळ, रस्ता दारावरून, वाघूरची वाळू हाताशी. ठेकेदारी करायची तर याहून सोयीची जागा नव्हती.

कामाचा अंदाज काढण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. जागेवर गेला की आधी चप्पल काढायचा. अनवाणी फिरून जमीन बघायचा, काळी किती खोल आहे, मुरूम कुठे लागेल. मग भट्टीवर जाऊन दोन विटा एकमेकींवर वाजवायचा. दगड कुठल्या खाणीतून येईल, गाडीला किती फेऱ्या पडतील, चुना दळायच्या घाणीला बैल कुणाचे मिळतील, सगळं विचारून घ्यायचा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण दगड, वीट, चुना, वाळू, लाकूड, मजुरी, एकेक रकाना असा भरायचा की ओव्हरसियरसाहेबही मान हलवत. फक्त एका रकान्यापाशी त्याची पेन्सिल कधी थांबली नाही. तो रकाना पाण्याचा.

"पाणी घरनं शे," तो हसून म्हणायचा, "त्याले कसाना दर?"

घरचं म्हणजे त्याच्या बायकोच्या, भिकुबाईच्या डोक्यावरचं. आणि लेक कुंदा हाताशी आल्यावर तिच्याही.

ज्यांनी कधी घर बांधलं नाही त्यांना वाटतं, इमारत दगडाविटांची होते. ती निम्मी पाण्याची होते. चुना विरवायला पाणी, घाणीत दळायला पाणी, विटा भिजत घालायला पाणी, आणि भिंत उभी राहिली की सकाळ-संध्याकाळ तिच्या अंगावर मारायला पाणी. चुन्याची भिंत तान्ह्या पोरासारखी असते, वेळच्या वेळी पाजली नाही तर अंग धरत नाही. आणि बांधकामाचा हंगाम म्हणजे उन्हाळा. खानदेशातला. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं, दोर हाताला कापणारा, आणि वाट अशी तापलेली की कुत्रंही सावली सोडत नाही. बाकीचे ठेकेदार या कामाला पाणक्या ठेवायचे, त्याची मजुरी अंदाजात धरायचे, आणि तेवढ्यानेच झुलालच्या वर राहायचे. एवढं साधं गुपित होतं. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डोक्यावर हंडा घेऊन चालत होतं. पण बायकांचं पाणी भरणं कुणाला दिसतं? कडुनिंबाखालच्या एकालाही ते दिसलं नाही, आणि खुद्द झुलालला तर नाहीच.

तो वाईट नवरा होता असं कुणी म्हणू नये. त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही. जळगावचा बाजार केला की दोघींसाठी जिलबी आणायचा, कुंदाला बांगड्या भरायचा. रात्री भिकुबाईची मान आखडली की तेल कोमट करून स्वतः चोळून द्यायचा. दुखण्यावर त्याने तेल घातलं. दुखणं कुठून येतं, हे बघायचं राहून गेलं.

कुंदा हाताशी आली तेव्हा भिकुबाईनेच तिला चालायला शिकवलं. नजर समोर ठेवायची, पायांकडे बघायचं नाही. मान धरायची, कंबर सोडायची. उचलताना श्वास आत, पाऊल टाकताना बाहेर. पोरीला दुखू नये म्हणून आईने आपली सगळी विद्या तिला दिली. आणि पोरही अशी तयार झाली की हंड्यावर कळशी घेऊन चढणीवरून येताना थेंब हलत नसे. बाया चालणं थांबवून तिच्याकडे बघत. कितीक गावच्या शाळांच्या भिंती तिने पाण्याने मोठ्या केल्या, पण त्यांतल्या एकीतही तिला पाटीवर अक्षर गिरवायला बसता आलं नाही. भिंती वाळेपर्यंत बापाचं बिऱ्हाड पुढच्या कामावर गेलेलं असे. हे लिहितानासुद्धा जीव कळवळतो, पण तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भिकुबाईला मात्र वाटलं.

कुंदाला पदर आला त्या साली, यावलकडच्या एका शाळेचं टेंडर भरायचं होतं. झुलाल ओसरीवर कागद पसरून बसला होता. भिकुबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"यंदा एक पाणक्या लिखी ल्या," ती म्हणाली. "मना डोकावर ऱ्हाऊ द्या. पोरना डोकावरनं उतारा. उद्या मान मोडी गई तर कोण करी तिले?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, भिकुबाईने काही मागितलं असं हेच पहिलं. झुलालला ते लागलं. "लिखस," तो म्हणाला. "यंदा लिखसच." आणि खरंच त्याने तिच्यासमोर पाण्याचा रकाना भरला.

टेंडर घेऊन तो जळगावला गेला. पाकीट बंद करण्याआधी चहा प्यायला बसला, तर शेजारच्या बाकावर दोन ठेकेदार बोलत होते की यंदा आपण पार तळाला जाऊन भरलंय, बघू कोण खाली येतं. झुलालने कागद पुन्हा उलगडला आणि पाण्याच्या रकान्यावर रेघ मारली. पुढच्या वेळी धरू, असं त्याने मनाशी म्हटलं. माणूस पुढच्या वेळेवर किती काय काय टाकत असतो.

काम मिळालं. घरी येताना त्याने भिकुबाईला लुगडं आणलं, चांगलं काठाचं. ते पाहूनच ती काय ते समजली.

"लुगडं कसाले लयनात?" ती म्हणाली. "पाणक्या लयतात तर बरं व्हतं."

"बठ्ठा ठेकेदार खाली उतरनात, भिकू. मी वर ऱ्हायनू तर काम कोण दी माले?"

तिने लुगडं फडताळात ठेवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच धरलं. बापाच्या अंदाजातून पोर सुटायची नाही, तेव्हा लग्न होऊनच सुटेल. असं घर बघायचं, जिथे पाणी लांब नाही. पैसा-अडका, शेतीवाडी, मुलाचं रूप, सगळं मागाहून.

ते स्थळ आलं यावलकडच्या त्याच कामावर, स्वतःच्या पायांनी. बोदवडचा तोताराम म्हणून ठेकेदार होता, झुलालसारखाच, फक्त थोडा बोलका. हे टेंडर त्याच्या हातून निसटलं होतं, आणि झुलाल करतो तरी कसं हे बघायला तो मुद्दाम आला होता. दगडांच्या ढिगाजवळ सावली बघून बसला. गवंडी नेहमीचेच होते, चुना नेहमीचा, विटा त्याच भट्टीच्या. दुपार कलली तरी त्याला काही सापडेना. मग विहिरीच्या बाजूने कुंदा आली. हंडा टाकीत रिकामा करून परत गेली. पुन्हा आली. तिच्यामागून भिकुबाई. तोताराम ढिगाजवळून उठला तो हसतच.

पुढच्या आठवड्यात तो नशिराबादला झुलालच्या ओसरीवर होता. "तुमच्या पोरीले माह्या पोरासाठी, वनासाठी मांगाले आलो," तो म्हणाला. "हुंडा नको, मानपान नको. दोन्ही अंगाचं लगन मी करतो."

झुलालला आपले कान खरे वाटेनात. वना निर्व्यसनी, कामाला वाघ, एकुलता एक. ठेकेदाराच्या घरी ठेकेदाराची लेक. त्याने आनंदाने आतल्या दाराकडे बघितलं. दाराआड भिकुबाई पदर पुढे घेऊन उभी होती. आतूनच तिने विचारलं, "भाऊ, तुमना घरले पाणी कोठलं शे?"

"आड घरातच हाये, अक्का," तोताराम म्हणाला. "सैपाकघरातून हात घातला का पाणी."

तो खोटं बोलला नाही. आड होताच, आणि बाराही महिने त्याला पाणी होतं. भिकुबाईने घरच्या पाण्याचं विचारलं, त्याने घरच्या पाण्याचं सांगितलं. कामावरच्या पाण्याचं विचारायला हवं, हे तिला सुचलं नाही. तिच्या दृष्टीने तो बापाच्या घरचा भोग होता, तो इथेच संपणार होता. दाराआड ती रडली, आणि तिच्या आयुष्यातलं ते एकच सुखाचं रडणं होतं.

लग्न झालं. कुंदा बोदवडला गेली. खानदेशात लेक सासरी गेली की माहेर आखाजीची वाट बघतं. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सासरची गाऱ्हाणी गाण्यात घालून सांगतात. पहिल्या आखाजीला तोतारामचा निरोप आला, काम चालू आहे, यंदा जमणार नाही. दुसऱ्या आखाजीला तोच निरोप आला. पोर घरात रमली, असं झुलालने बायकोला समजावलं. सासूला तिच्यावाचून होत नसेल. भिकुबाईलाही ते पटलं, कारण तिला ते पटून घ्यायचं होतं. शेजारच्या लेकींना झोक्यावर बघून ती म्हणायची, आमच्या कुंदीचं बरं आहे, आड घरात आहे.

इकडे झुलालचा अंदाज मात्र बिघडला होता. एकट्या भिकुबाईला इमारतीचं पाणी झेपेना. एका उन्हाळ्यात तिची कंबर बसली आणि महिनाभर ती उठली नाही. तेव्हा पहिल्यांदा झुलालने पाणक्या ठेवला, आणि पहिल्यांदा त्याला कळलं की पाणी किती महाग असतं. शनिवारी मजुरी मोजताना पाणक्याच्या हातावर पैसे ठेवताना त्याचा हात क्षणभर अडायचा. आजवर जे पैसे कुणाच्या हातावर ठेवले नव्हते, ते कुणाचे होते, असा काहीसा विचार यायचा. तो विचार झुलाल पुढे जाऊ द्यायचा नाही.

मग निघालं हायस्कूलचं काम. बोदवडच्या वाटेवरच्या एका मोठ्या गावी, आठ वर्गांची इमारत, पुढे लांब व्हरांडा. असं काम झुलालच्या उभ्या हयातीत आलं नव्हतं. तो चारदा जागेवर जाऊन आला. खाण जवळ, भट्टी जवळ, जमीन चांगली. नफा अगदी पातळ धरला, पण पाण्याचा रकाना या वेळी त्याने खरा भरला. रेघ मारायची तर हंडा घ्यायला घरात आता डोकंच उरलं नव्हतं.

टेंडरं उघडली त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. कारकून एकेक पाकीट फोडून वाचत होता. झुलालचा आकडा आला तेव्हा कुजबूज झाली, कारण तो बाकी सगळ्यांच्या खाली होता. मग शेवटचं पाकीट फोडलं. तोताराम, बोदवड. तो झुलालच्याही खाली गेला होता.

झुलालने व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं कौतुक केलं. लेकीचंच घर, काम परक्याकडे गेलं नाही, असं म्हणाला आणि ते त्याने मनापासून म्हटलं. मग बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसला. खोड जाता जात नाही. त्याने मनातल्या मनात तोतारामचा अंदाज उलगडायला घेतला. वीट त्याच भट्टीची, तिथे दर एकच. चुनाही एकाच ठिकाणचा. दगड, वाळू, लाकूड, सगळं आपल्याच भावाचं. गवंडी तर दोघांकडे आलटून पालटून तेच. नफा आपल्याहून पातळ धरता येणारच नाही. मग हा एवढा खाली गेला कशावर?

आणि ते त्याला दिसलं. इतकी वर्षं कडुनिंबाखालच्या कुणाला जे दिसलं नव्हतं ते त्याला बसल्या जागी दिसलं. तोतारामच्या कागदावर पाण्याचा रकाना कोरा होता. तो झुलालच्या लेकीने भरला होता.

त्याने घरचा रस्ता धरला नाही. स्टेशनावर जाऊन बोदवडची गाडी पकडली.

तोतारामचं एक काम गावाबाहेर चालू होतं, कापसाच्या वखारीच्या भिंती. तिथे कुंदा त्याला लांबूनच ओळखू आली, चेहऱ्याने नव्हे, चालीने. अंगाने रोडावली होती. हंड्यावर कळशी होती आणि थेंब हलत नव्हता. बापाला पाहून ती हसली, पण मान न वळवता. मान वळवायची सोय नव्हती.

झुलाल पुढे झाला आणि त्याने हंड्याला हात घातला.

"बा, हात लावू नको," ती म्हणाली, "सांडाई जाई." आणि त्याला वळसा घालून भिंतीकडे गेली.

संध्याकाळी जळगावहून तोताराम आला. त्याने व्याह्याला आग्रहाने जेवायला बसवलं, तूप वाढायला सांगितलं. तोही वाईट माणूस नव्हता. झुलालने पानावरच हात जोडून म्हटलं, हायस्कूलच्या कामावर एक पाणक्या ठेवा.

तोतारामला खरोखरच नवल वाटलं. "कुंदा तुमच्या घरी व्हती तवा तुमी ठेवला व्हता का कधी, याही?"

झुलालने नाही म्हटलं.

"मंग?" तोताराम म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता प्रश्न होता.

"त्याची मजुरी मी देईन," झुलाल म्हणाला. घाईत तो शहरी बोलला, कचेरीत बोलायचा तसं.

तोताराम पानावरून मागे सरला. "सुनंच्या बापाचा पैसा माह्या कामात घालू? लोकं तोंडात शेन घालतीन माह्या." आणि त्याचंही बरोबर होतं. असा पैसा कुणी घेत नाही. लेकीच्या घामाला दर आपणच कधी लावला नव्हता, आता तो बाहेरून पैसे देऊन लावता येणार नव्हता.

सकाळी निघताना कुंदा त्याच्याबरोबर दारापर्यंत आली. सासऱ्याशी झालेलं बोलणं तिने आतून ऐकलं होतं. तिला बापाचीच कीव आली.

"कसाले बोलना तू त्यास्ले?" ती म्हणाली. "माले सवय शे." मग तिने आईची कंबर कशी आहे ते विचारलं, आणि उशीर होतो म्हणून हंड्याखालची चुंबळ उचलून गेली.

झुलाल घरी पोचला तेव्हा भिकुबाई भिंतीला टेकून डाळ निवडत होती. कंबर बसल्यापासून ती अशीच टेकून बसायची. "कोणले भेटनं काम?" तिने विचारलं.

"तोतारामले."

"बरं व्हयनं," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "पोरनंच घर शे ते."

ते उजळणं त्याला बघवेना. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तोताराम खाली कसा गेला ते, वखारीच्या भिंती, रोडावलेलं अंग, जेवताना झालेलं बोलणं. आखाजीला पोर का आली नाही, तेही आता वेगळं सांगायला लागलं नाही. भिकुबाई डाळ निवडत होती. बोटं थांबली नाहीत, पण ती आता खडे आणि डाळ एकाच बाजूला टाकत होती.

"तुना दोष नही," झुलाल म्हणाला. "रेघ मी मारी."

तिने ते ऐकलंसं वाटलं नाही. "कुंदीनी काय सांगं?" तिने विचारलं.

"सवय शे म्हने."

एकही थेंब न सांडता चालणारी ती पोर तोतारामने का मागून नेली, हे आता भिकुबाईलाही कळून चुकलं.

"सवय मीच लायी तिले," ती म्हणाली, आणि सूप बाजूला सारून तिने तोंडाला पदर लावला.